गरोदरपणात व्हिटॅमिन डी वाढत नाही आणि जनुक अहवाल लाल दाखवतो: डोस कशावरून ठरवायचा?

आहारवही (प्रश्न)

एका गरोदर बाईंचे कागद समोर आहेत, ते जसेच्या तसे मांडत आहे.

१४व्या आठवड्यात २५-हायड्रॉक्सी-डी (व्हिटॅमिन डीचं रक्तात मोजतात ते रूप) ११ नॅनोग्रॅम प्रति मिली. लगेच रोज १००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी३, सुरू झालं. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं तर आकडा १४. गोळ्या चुकलेल्या नाहीत असं त्या ठामपणे सांगतात. फिट्सची औषधं नाहीत, पोटाची शस्त्रक्रिया नाही, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही. गरोदरपणाआधीचं वजन ७४ किलो.

मधल्या काळात त्यांनी लाळेवरची जनुक चाचणी करून घेतली. त्यात जीसी जनुकाच्या आरएस२२८२६७९ या जागी टी/जी, सीवायपी२आर१ च्या आरएस१०७४१६५७ या जागी ए/जी, डीएचसीआर७ च्या आरएस१२७८५८७८ या जागी टी/टी. त्याखाली व्हीडीआरचे (व्हिटॅमिन डीच्या ग्राहकाच्या जनुकाचे) फॉक-वन, बीएसएम-वन, टॅक-वन हे तिन्ही लाल रंगात. निष्कर्षाच्या चौकटीत लिहिलंय: आनुवंशिक कमतरतेची उच्च जोखीम, रोज ५००० आययू घ्यावे.

आता शंका. वाचनात जीसीचं धोक्याचं अक्षर सगळीकडे ‘सी’ सापडतं, या अहवालात तर सी नाहीच. मग हा अहवाल चुकीचा म्हणायचा का? दुसरं, ११ वरून १४ इतकीच वाढ होण्याला ही जनुकं खरंच कारण असू शकतात का? आणि तिसरं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते: बाळाला हे उतरणार का, आणि जन्मल्यावर त्याचीही जनुक चाचणी करायची का? व्हीडीआरच्या लाल खुणांचं काय करायचं तेही सांगा.

जनुकवाट

आधी सी आणि जीचा घोळ सोडवू. डीएनएला दोन धागे असतात आणि एका धाग्यावर जी असेल तर समोरच्यावर सी असतो, टी असेल तर ए. २०१० साली सनलाइट नावाच्या संशोधकांच्या गटाने युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांवर जो मोठा अभ्यास केला, त्यात ही जागा ए/सी अशी दिली होती. अनेक प्रयोगशाळा दुसऱ्या धाग्याने वाचतात, म्हणून तीच जागा टी/जी दिसते. तेव्हा अहवालातला जी म्हणजेच तुमच्या वाचनातला सी. अहवाल बरोबर आहे, बाईंकडे डीचा आकडा कमी करणारी एक प्रत आहे. सीवायपी२आर१ मध्ये कमी करणारं अक्षर जी, तिथेही एकच प्रत. डीएचसीआर७ मध्ये कमी करणारं अक्षर जी, ते त्यांच्याकडे नाहीच.

ही जनुकं करतात काय? त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर अतिनील-बी किरण पडले की त्यातून डी३ तयार होतं. डीएचसीआर७ चं एन्झाइम तोच कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळवतं, म्हणून त्याचा परिणाम उन्हातून मिळणाऱ्या डीवर होतो. गोळीतून आलेलं डी या वाटेने जातच नाही. यकृतात सीवायपी२आर१ त्या डी३ चं २५-हायड्रॉक्सी-डी करतं, म्हणजे आपण रक्तात मोजतो ते रूप. जीसी हे रक्तातल्या वाहक प्रथिनाचं जनुक. मग मूत्रपिंडात आणि गरोदरपणात वारेतही सीवायपी२७बी१ त्याचं कार्यक्षम रूप बनवतं, आणि सीवायपी२४ए१ जास्तीचं मोडून टाकतं. या शेवटच्या नावाकडे खालच्या उत्तरांमध्ये पुन्हा यावं लागेल, कारण या सगळ्यांत खरा धोका त्याच्यातच आहे.

आता आकारमान. तुमच्या कागदांशी नेमका जुळणारा अभ्यास उपलब्ध आहे. ब्रिटनमधल्या मॅव्हिडोस चाचणीत गरोदर स्त्रियांना १४व्या आठवड्यापासून रोज १००० आययू किंवा नुसती कोरी गोळी दिली होती. त्यातल्या स्त्रियांची हीच तीन जनुकं आणि सीवायपी२४ए१ तपासून २०१७ साली निकाल आले. डीएचसीआर७ चा संबंध सुरुवातीच्या आकड्याशी दिसला, गोळीनंतरच्या आकड्याशी नाही. सीवायपी२आर१ आणि जीसीचा संबंध उलट गोळीनंतर गाठलेल्या आकड्याशी दिसला: प्रत्येक प्रतीमागे अनुक्रमे सुमारे ५.२ आणि ४.२ नॅनोमोल प्रति लिटर. नॅनोग्रॅममध्ये आणायला २.५ ने भागा, म्हणजे साधारण २.१ आणि १.७. दोन्हींची एकेक प्रत धरली तर ३.८.

दुसऱ्या बाजूने हिशेब असा. रोज १००० आययूने प्रौढ माणसात ढोबळमानाने ७ नॅनोग्रॅम वाढ अपेक्षित असते. २५-हायड्रॉक्सी-डीचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, दोन ते तीन आठवडे, म्हणून आठ आठवड्यांत अंतिम पातळीचा ८५ ते ९० टक्के पल्ला गाठला जातो. म्हणजे सहाच्या आसपास वाढ हवी होती, झाली ३. तूट तीन-साडेतीनची. कागदावर जनुकं ही तूट भरून काढतात, ही गोष्ट मी लपवणार नाही. पण तेवढीच तूट आठवड्याला तीन गोळ्या चुकल्याने, दहा-पंधरा किलो जास्त वजनाने किंवा प्रयोगशाळेतल्या रोजच्या फरकानेही पडते. तूट पाहून तिचं कारण सांगता येत नाही. जनुकाचा अहवाल हातात आहे म्हणून दोष त्याच्यावर ढकलणं, हीच इथली नेहमीची चूक.

व्हीडीआरबद्दल थोडक्यात. फॉक-वनमुळे व्हिटॅमिन डीचा ग्राहक ४२७ ऐवजी ४२४ अमिनो आम्लांचा होतो, आणि तो आखूड ग्राहक प्रयोगनळीत थोडा जास्त कार्यक्षम दिसतो. बीएसएम-वन, टॅक-वन (आणि तिसरा एपीए-वन) हे जनुकाच्या टोकाला एकमेकांना चिकटून वारशाने येणारे फरक आहेत, ग्राहकाच्या रचनेत ते काहीच बदल करत नाहीत. एकत्र वारशाने येणाऱ्या खुणा दोनदा मोजून दोनदा लाल रंगवणं म्हणजे एकच साक्षीदार दोनदा उभा करणं. या तिन्हींवरून गरोदरपणातला डोस ठरवावा असा भरवशाचा पुरावा नाही. तो भाग बाजूला ठेवा.

आणखी एक. २०२० पर्यंत चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासांतून डीच्या पातळीशी जोडलेल्या शंभराहून जास्त जागा सापडल्या. तरी सामान्य फरकांनी मिळून समजावून देता येतो तो माणसामाणसातल्या फरकाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग. बाकी ऋतू, ऊन, कातडीचा रंग, अंगावरचे कपडे, वजन आणि गोळी. शिवाय हे गुणांकन मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेलं असतं. या अक्षरांचं प्रमाण लोकसमूहागणिक बदलतं, म्हणून ‘उच्च जोखीम’ हा शिक्का दुसऱ्या लोकांवर तसाच मारता येत नाही.

सीरम_आणि_नळी

वरचा हिशेब मान्य. पण तो ११ आणि १४ हे दोन्ही आकडे खरे आहेत असं गृहीत धरून केलेला आहे. गरोदरपणात तेच आधी तपासावं लागतं.

गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे वाहक प्रथिन चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. बऱ्याच स्वयंचलित इम्युनोअ‍ॅसे (प्रतिपिंड वापरून मोजणाऱ्या) यंत्रांत पहिली पायरीच डीला या प्रथिनापासून सोडवण्याची असते. प्रथिन जास्त असेल तर सुटका अर्धवट होते आणि आकडा चुकतो. किती आणि कुठल्या बाजूला, ते यंत्रागणिक वेगळं. म्हणून पहिला प्रश्न असा: दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने झाले का? पहिला एका यंत्रावर आणि दुसरा दुसऱ्यावर झाला असेल तर ३ नॅनोग्रॅमच्या वाढीवर चर्चा करण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे एलसी-एमएस पद्धत मागा.

दुसरं म्हणजे गोळीची पाटी वाचा. तिच्यावर डी२ आहे की डी३? काही इम्युनोअ‍ॅसे डी२ पासून बनलेलं रूप कमी मोजतात, मग गोळी लागू पडूनही आकडा हलत नाही. पाटीवर मायक्रोग्रॅम असेल तर ४० ने गुणा: २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० आययू. ‘२५’ वाचून ती २५ आययूची समजणं किंवा १० मायक्रोग्रॅमची गोळी १००० ची समजणं, दोन्ही होतं.

तिसरं एकक. ३५ नॅनोमोल प्रति लिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति मिली ही एकच पातळी. एका अहवालात एक आणि दुसऱ्यात दुसरं असेल तर अडीचपट ‘वाढ’ किंवा ‘घट’ दिसते.

चौथं बायोटिन, आणि हे नक्की विचारा. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. ज्या यंत्रांची रसायनं बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जोडीवर चालतात, तिथे रक्तातलं बायोटिन आडवं येतं. डीची चाचणी स्पर्धात्मक प्रकारची असल्याने तिचा आकडा खोटा वाढतो. पीटीएचची (पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाची) सँडविच प्रकारची असल्याने तिचा आकडा खोटा घटतो. म्हणजे खरी कमतरता झाकली जाते आणि वर पॅराथायरॉइड शांत असल्याचं दिसतं. बायोटिन किमान ७२ तास थांबवून नमुना घ्या.

आता जीसीबद्दल एक गोष्ट जी अहवालात कधीच छापत नाहीत. हा फरक असलेल्यांमध्ये वाहक प्रथिन कमी किंवा वेगळं असल्याने *एकूण* २५-हायड्रॉक्सी-डी कमी दिसतं. पेशींना मिळणारा मोकळा अंश त्या प्रमाणात कमी होतोच असं नाही. याचं टोकाचं उदाहरण २०१९ साली प्रसिद्ध झालं: एका स्त्रीत जीसी जनुक दोन्ही प्रतींतून गायब होतं, एकूण डी जवळजवळ मोजता येईना, तरी मोकळं डी ठीक होतं आणि कॅल्शियमचा कारभार बहुतांशी सुरळीत होता. त्यामुळे जीसीवाल्या व्यक्तीत केवळ एकूण आकड्याच्या मागे लागून डोस चढवत नेऊ नये. शरीराला कमतरता जाणवते आहे का, ते कॅल्शियम आणि पीटीएच सांगतात.

तेही गरोदरपणाचा चष्मा लावून वाचा. अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) उतरतं म्हणून एकूण कॅल्शियम कमी दिसतं. दुरुस्तीचं सूत्र: मोजलेलं कॅल्शियम अधिक ०.८ गुणिले (४ वजा अल्ब्युमिन). कॅल्शियम ८.६ आणि अल्ब्युमिन ३.१ असेल तर दुरुस्त आकडा ९.३, म्हणजे ठीक. आयनीकृत कॅल्शियम मिळत असेल तर सूत्राची गरजच नाही. पीटीएच निरोगी गरोदरपणात खालच्या बाजूला असतं, म्हणून नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला असलेलं पीटीएचसुद्धा कमतरतेकडे बोट दाखवतं. अल्कलाइन फॉस्फेटेजवर मात्र विसंबू नका, शेवटच्या महिन्यांत वार स्वतःच ते सोडते. आणि १,२५-डायहायड्रॉक्सी-डी कमतरता शोधायला मागवू नका. गरोदरपणात ते दुप्पट-तिप्पट असतंच, साठा रिकामा असतानाही चांगलं दिसू शकतं.

बाळकक्ष

तिसऱ्या प्रश्नासाठी लिहितो. बाळाचं म्हणून जे काही आहे ते जन्मापर्यंत आईच्या रक्तातूनच येतं. २५-हायड्रॉक्सी-डी वार ओलांडतं, कार्यक्षम रूप सहसा ओलांडत नाही, बाळाचं मूत्रपिंड आणि वार ते स्वतः बनवतात. नाळेच्या रक्तातली पातळी आईच्या ५० ते ८० टक्के. आई १४ वर असेल तर बाळ ७ ते ११ वर जन्मेल. मग अर्धआयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. बाहेरून काही न मिळाल्यास सहाव्या आठवड्याला हा साठा संपत आलेला असतो. अंगावरच्या दुधात एका लिटरला साधारण ५ ते ८० आययू इतकंच डी असतं आणि बाळ लिटरभर पीतही नाही. आईचं दूध कमी प्रतीचं आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. डीचे थेंब वेगळे द्यावे लागतात, एवढंच.

जनुकांचं म्हणाल तर आईचं वाहक प्रथिन वारेतून पलीकडे जात नाही. बाळाचं यकृत आपलं स्वतःचं बनवतं, आपल्याच जीसीनुसार. आईची ती एक प्रत बाळाकडे येण्याची शक्यता निम्मी, वडिलांची वेगळी. पण चाचणीचा निकाल काहीही आला तरी बाळासाठी करायचं एकच आहे: पहिल्या काही दिवसांतच रोज ४०० आययू, वर्षभर. मुडदुसाबद्दलचं २०१६ चं जागतिक एकमत हेच सांगतं, तेही जनुक न पाहता सगळ्या बाळांसाठी. ज्या चाचणीने काहीच बदलणार नाही ती नवजात बाळावर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीची पुष्टी केलेलं पावडरचं दूध रोज लिटरभर पिणाऱ्या बाळाला ४०० त्यातूनच मिळतात, हा एक अपवाद.

थेंबांमध्ये चूक होते ती मात्र नेहमीची. काही बाटल्यांत एका मिलिलिटरला ४०० आययू असतात, काहींत ८००, आणि काहींत एका *थेंबात* ४००. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीत गेला आणि एका थेंबाऐवजी एक मिली दिली, तर बाळाच्या पोटात एका वेळी दहा हजारांहून अधिक जातात. याच धोक्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये इशारा काढला होता. पहिल्या सहा महिन्यांत रोजची वरची मर्यादा १००० आययू. बाटली बदलली की पाटी पुन्हा वाचा, आणि तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर वापरा.

आईला कमतरता राहूनच प्रसूती झाली तर काय पाहायचं? तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवशी, बाळाचे हातपाय थरथरतात, साध्या आवाजाने दचकतं, झटके येतात. थरथर हात धरल्यावर थांबली तर ती बहुधा थरथरच, हात धरूनही चालू राहिली तर झटका समजा आणि लगेच रक्तातलं कॅल्शियम तपासा. मुदतीच्या बाळात एकूण कॅल्शियम ८ मिलिग्रॅमखाली म्हणजे कमी. सोबत मॅग्नेशियम, फॉस्फेट, पीटीएच हवंच. मॅग्नेशियम कमी असेल तर नुसत्या कॅल्शियमने झटके आटोक्यात येत नाहीत. आणि *आईचंही* कॅल्शियम आणि पीटीएच तपासा. आईची पॅराथायरॉइड गुपचूप जास्त काम करत असेल तर बाळाची दबून जाते आणि चित्र हुबेहूब असंच दिसतं. कवटी मऊ राहिली असेल तर कानामागच्या हाडावर अलगद दाबल्यास ते आत जाऊन टेबल टेनिसच्या चेंडूसारखं टचकन वर येतं. टाळू मोठी, भरायला उशीर, मनगटं जाड, हे सगळं काही महिन्यांनंतरचं.

आता ते नाव, सीवायपी२४ए१. या जनुकाच्या *दोन्ही* प्रती निकामी असतील तर जास्तीचं डी मोडलंच जात नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात डीची भरमसाट पुष्टी झाली तेव्हा काही बाळांचं कॅल्शियम धोकादायक वाढलं, बाकीची ठणठणीत राहिली. २०११ साली या जनुकातल्या बिघाडामुळे असं होऊ शकतं हे सिद्ध झालं. अशा बाळाला नेहमीचे ४०० आययूसुद्धा बाधतात: वजन वाढत नाही, उलट्या, बद्धकोष्ठ, लघवी भरपूर आणि तरी तोंड कोरडं, सोनोग्राफीत मूत्रपिंडात कॅल्शियमचे ठिपके. हे क्वचित होतं, पण त्यात डीचे थेंब वाढवणं म्हणजे आगीत तेल. गरोदरपणात कार्यक्षम डी आपोआप वाढतं, त्यामुळे असा बिघाड आधी माहीत नसलेल्या बाईचं कॅल्शियम नेमकं याच काळात चढतं. मुतखडा, मळमळ न थांबणं, स्वादुपिंडाला सूज, आणि पीटीएच तळाला गेलेलं. पुढे बाळाची पॅराथायरॉइड दबलेली असल्याने त्याला उलट कमी कॅल्शियमचे झटके येऊ शकतात.

लाळेच्या अहवालात हे दिसत नाही. तिथे सीवायपी२४ए१ चा आरएस६०१३८९७ हा सामान्य फरक छापतात, त्याचा या आजाराशी संबंध नाही. शंका आली तर २५-हायड्रॉक्सी-डी आणि २४,२५-डायहायड्रॉक्सी-डी यांचं गुणोत्तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने काढतात. निरोगी माणसात ते साधारण ७ ते ३५, दोन्ही प्रती निकामी असल्यास ८० च्या वर. साध्या कमतरतेतही ते थोडं चढतं, म्हणून मधल्या आकड्यावर घाबरू नका. त्यानंतर पूर्ण जनुकाचं वाचन.

आहारवही

खूप उपयोग झाला. विचारणा केली. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत झालेत, गोळी डी३ चीच, २५ मायक्रोग्रॅम. पण केसांची गोळी निघाली. रोज १० मिलिग्रॅम बायोटिन, १६व्या आठवड्यापासून. म्हणजे १४ हा आकडासुद्धा खोटा *जास्त* असू शकतो? आणि मग ५००० च्या सल्ल्याचं काय करायचं? मुतखडा नाही, कुटुंबातही कुणाला नाही.

सीरम_आणि_नळी

हो, त्यांचं यंत्र बायोटिनवर चालणारं असेल तर खरा आकडा ११ किंवा त्याखालीही असू शकतो. मग जनुकांनी तूट समजावली म्हणून जो हिशेब वर झाला तोच कोसळतो. प्रयोगशाळेला फोन करून विचारा, त्यांच्याकडे रसायनासोबत आलेल्या माहितीपत्रकात बायोटिनची मर्यादा लिहिलेली असते. बायोटिन थांबवा, चौथ्या दिवशी सकाळी एकाच वेळी हे काढा: डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच, मॅग्नेशियम. पीटीएचसाठी ईडीटीएची नळी, ती जास्त वेळ टिकते. गेल्या अहवालात पीटीएच असेल तर तेही रद्द समजा, ते खोटं कमी असू शकतं.

जनुकवाट

५००० च्या सल्ल्याबद्दल. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २०११ मध्ये गरोदरपणासाठी रोज ६०० आययू आणि वरची मर्यादा ४००० ठेवली. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांना सरसकट गोळी द्या म्हणत नाही, कमतरतेची शंका असेल तिथे रोज २०० सांगते. एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये गरोदरपणात गोळीच्या बाजूने कौल दिला, पण सरसकट रक्त तपासण्याच्या विरोधात. याच संस्थेने आधी ३० नॅनोग्रॅमची रेघ आखली होती, ती आता सोडली. एवढ्या मतभेदांत एका गोष्टीवर कुणाचंच दुमत नाही: जनुक पाहून डोस ठरवा असं यांपैकी कुणीही म्हणत नाही. ५००० हा आकडा वरच्या मर्यादेपलीकडे आहे आणि तो रक्तातलं कॅल्शियम न पाहता छापलेला आहे. तो सल्ला पाळू नये.

२००० ते ४००० या टप्प्याला आधार आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गरोदर स्त्रियांना ४००, २००० आणि ४००० आययू दिले होते, ४००० ने पातळी सर्वांत चांगली गाठली आणि डोसमुळे अपाय दिसला नाही.

बाळकक्ष

मी इथे थोडा हात आखडता घेईन. आकडा वर नेणं आणि बाळाचं भलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅव्हिडोसमध्ये १००० आययूने आईची पातळी वाढली, पण नवजात बाळाच्या हाडांतल्या खनिजात एकंदरीत फरक दिसला नाही. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत मात्र दिसला, म्हणजे जिथे साठा खरोखर तळाला होता तिथेच. बांगलादेशात १३०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आठवड्याला २८,००० आययूपर्यंत दिले, म्हणजे रोजचे ४०००. वर्षाच्या बाळाच्या उंचीत फरक पडला नाही. म्हणून माझं ध्येय २० नॅनोग्रॅमच्या वर सुरक्षित पोचण्याचं असतं, ४० चं नाही. ११ वर असलेल्या बाईला मात्र डोस वाढवायलाच हवा, त्यात दुमत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आपल्या सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियमपैकी ८० टक्के गोळा करतं, आणि तो काळ आता तोंडावर आहे.

जनुकवाट

२० च्या ध्येयाशी भांडण नाही. मग क्रम असा धरा, अंतिम निर्णय त्यांच्या प्रसूतितज्ज्ञांचा. बायोटिनशिवायचा नमुना आधी. दुरुस्त कॅल्शियम वरच्या मर्यादेच्या आत आणि पीटीएच दबलेलं नसेल तर रोज २०००, दिवसातल्या सगळ्यांत स्निग्ध जेवणासोबत, रिकाम्या पोटी नाही. रोजचा डोस चुकतच असेल तर तेवढाच आठवड्याचा मिळून एका ठरलेल्या वारी, १४,०००. पुढची तपासणी चार आठवड्यांनी नको, आकडा अजून चढणीवरच असेल आणि उगीच डोस बदलला जाईल. दहा-बारा आठवड्यांनी, म्हणजे ३५-३६व्या आठवड्याला, त्याच यंत्रावर, कॅल्शियमसकट. तेव्हाही दोनाच्या वर हलला नसेल तर शोषणाचे आजार, विशेषतः सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), तपासायचे. उलट नमुन्यात कॅल्शियम जास्त आणि पीटीएच तळाला आलं, तर डी त्याच दिवशी बंद आणि सीवायपी२४ए१ साठी वर सांगितलेलं ते गुणोत्तर काढायचं.

आहारवही

लिहून घेतलं. शेवटचं एक विचारायचं राहिलं: आईला डी वाढवून दिलं तर दुधातूनच बाळाला पुरेल का, म्हणजे थेंब टाळता येतील?

बाळकक्ष

२०१५ मध्ये आलेल्या चाचणीत स्तनदा मातांना रोज ६४०० आययू दिल्यावर त्यांच्या बाळांची पातळी थेट ४०० घेणाऱ्या बाळांइतकीच आली. पण त्यात दोन अटी दडलेल्या आहेत. दुधात उतरतं ते मुख्यतः मूळ कोलेकॅल्सिफेरॉल आणि ते रक्तात दिवसभरच टिकतं, म्हणून डोस रोजचा हवा, आठवड्याचा किंवा महिन्याचा चालत नाही. आणि ६४०० ही मर्यादेच्या बरीच वर आहे, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. या बाईंच्या बाबतीत सीवायपी२आर१ चा फरक इथे आड येऊ नये, कारण ते जनुक लागतं यकृतातल्या पुढच्या पायरीला. तरीही ७ ते ११ वर जन्मणाऱ्या बाळाला मी थेंबच देईन. ते बाळाच्या तोंडात पडलेले डोळ्यांनी दिसतात.

सीरम_आणि_नळी

नाळेचं किंवा बाळाचं रक्त पाठवणार असाल तर अर्जावर एक ओळ लिहा: सी-३ एपिमर वेगळा करून मोजावा. वर्षाखालच्या बाळांत २५-हायड्रॉक्सी-डीचं हे एकाच कार्बनपाशी उलटी मांडणी असलेलं रूप ९ ते ६१ टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. त्याचं वस्तुमान अगदी तेवढंच, म्हणून साध्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत ते मुख्य आकड्यात मिसळतं आणि ९ चा आकडा १४ होऊन बाहेर पडतो. वेगळा करायला जास्त लांब स्तंभ लागतो, तो सगळीकडे बसवलेला नसतो. नमुना पाठवण्याआधी विचारून घ्या, बाळाचं रक्त दुसऱ्यांदा काढायची वेळ येऊ नये.